विश्लेषण : हॅम रेडिओचे ‘नेट’ म्हणजे काय? अहिल्यानगरसारख्या जिल्ह्याला रोजच्या हजेरीची गरज का?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने अहिल्यानगरपासून धाराशिव, सोलापूरपर्यंतच्या अनेक गावांची दैना केली. अशा पुरात आधी वीज जाते, मग काही तासांत मोबाइल टॉवरची बॅटरी संपते. मदतीची सर्वाधिक गरज असलेल्या गावाचाच आवाज सर्वांत आधी बंद होतो. मग हॅम रेडिओची आठवण निघते आणि पूर ओसरला की तीही ओसरते. पण कपाटातला रेडिओ संच ऐनवेळी बाहेर काढून चालत नाही. हौशी रेडिओचालक रोज किंवा आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर एकत्र जमतात. या जमण्याला ते ‘नेट’ म्हणतात. वरवर गप्पांचा अड्डा वाटणारे हे नेटच आपत्तीत कामी येणारी खरी यंत्रणा आहे. ते कसे चालते आणि राज्यातील सर्वांत मोठ्या जिल्ह्यात ते उभे करायचे तर काय लागेल, याचा हा आढावा.

नेट म्हणजे नेमके काय?

हॅम रेडिओ म्हणजे सरकारी परवाना घेऊन, कोणत्याही आर्थिक लाभाशिवाय चालवलेले हौशी रेडिओ केंद्र. भारतात केंद्रीय दूरसंचार विभागाची वायरलेस नियोजन शाखा हा परवाना देते. प्रत्येक परवानाधारकाला स्वतःचे ‘कॉल साइन’, म्हणजे लहरींवरचे नाव मिळते. सर्वसाधारण श्रेणीचे कॉल साइन ‘व्हीयू२’ने, तर मर्यादित श्रेणीचे ‘व्हीयू३’ने सुरू होते.

दोन हॅम एकमेकांशी बोलतात तो साधा संपर्क. अनेक हॅम एका फ्रिक्वेन्सीवर, एका नियंत्रकाच्या शिस्तीत बोलतात ते नेट. सहभागी होणारा आपले नाव नोंदवतो, त्याला ‘चेक-इन’ म्हणतात. नियंत्रक क्रमाने प्रत्येकाला बोलण्याची संधी देतो. कुणी आपल्या गावचा पाऊस सांगतो, कुणी नवा अँटेना कसा चालतो ते विचारतो, कुणी फक्त ‘हजर’ म्हणून निघून जातो. हैदराबादचे ‘चारमिनार नेट’ किंवा देशभरातील हॅमना जोडणारे ‘एअर नेट’ ही भारतातील नावाजलेली उदाहरणे. अमेरिकेतील ‘हरिकेन वॉच नेट’ १९६५ पासून चक्रीवादळांच्या काळात १४.३२५ मेगाहर्ट्झवर भरते आणि वादळाच्या मार्गातील हॅमकडून वारा, हवेचा दाब यांच्या नोंदी गोळा करते.

हे नेट चालते कसे?

ठरलेल्या वेळेच्या काही मिनिटे आधी नियंत्रक स्टेशन ‘ही फ्रिक्वेन्सी कुणी वापरत आहे का’ असे विचारते. हॅम बँडमध्ये कोणतीही फ्रिक्वेन्सी कुणाच्या मालकीची नसते, त्यामुळे हा प्रश्न फक्त शिष्टाचार म्हणून विचारला जात नाही. उत्तर आले नाही की नेट सुरू झाल्याची घोषणा होते. पहिली विचारणा नेहमी एकच असते : कुणाकडे तातडीचा संदेश आहे का? त्यानंतर हजेरी.

नाव नोंदवणारा आपले कॉल साइन अक्षर अक्षर फोडून सांगतो. ‘व्ही’ला ‘व्हिक्टर’, ‘यू’ला ‘युनिफॉर्म’. इंग्रजीतील ‘बी’, ‘डी’, ‘पी’ ही अक्षरे खरखरीत सारखीच ऐकू येतात, म्हणून ही जगन्मान्य पद्धत. नियंत्रक त्याला सिग्नल कसा मिळतो ते कळवतो. ‘फाइव्ह-नाइन’ म्हणजे आवाज पूर्ण स्पष्ट (पाचपैकी पाच) आणि सिग्नल जोरदार (नऊपैकी नऊ). ‘थ्री-फोर’ म्हणजे कष्टाने समजते आहे. ही नोंद वहीत जाते.

दोघे एकाच वेळी बोलू लागले तर? एफएम पद्धतीत जोरदार सिग्नल दुबळ्याला झाकून टाकतो आणि दुबळ्या स्टेशनला आपण ऐकूच गेलो नाही, याचा पत्ताही लागत नाही. म्हणून प्रत्येक वाक्यानंतर क्षणभर थांबायची सवय लावली जाते. त्या फटीत कुणीही ‘ब्रेक’ म्हणून तातडीने मध्ये येऊ शकतो. नियंत्रकाला एखादे दूरचे स्टेशन ऐकू येत नसेल, तर दोघांनाही ऐकणारा तिसरा हॅम मध्यस्थ होऊन संदेश पुढे पोहोचवतो. नियंत्रकाची वीज गेली तर नेट कोण चालवणार, हेही आधीच ठरलेले असते.

लेखी संदेश पाठवायचा असेल तर त्याचीही रीत आहे. मजकुरातील शब्दांची संख्या आधी सांगितली जाते. घेणाऱ्याने लिहिलेले शब्द मोजायचे आणि आकडा जुळला तरच ‘मिळाले’ म्हणायचे. ‘पाच माणसे अडकली’ आणि ‘पंचवीस माणसे अडकली’ यातला फरक होडी किती मोठी पाठवायची हे ठरवतो, म्हणून हा खटाटोप.

व्हॉट्सॲप असताना याची गरज काय?

हॅम रेडिओला मध्ये टॉवर, केबल, सर्व्हर यांपैकी काहीच लागत नाही. एका टोकाला संच, बॅटरी आणि तार. दुसऱ्या टोकालाही तेच. साधारण १०० वॉट शक्तीचा संच १२ व्होल्टवर चालतो. ऐकताना तो एक-दोन अँपिअर वीज घेतो, बोलताना सुमारे वीस. ट्रॅक्टरची बॅटरी आणि एक सौर पॅनेल यांवर तो कित्येक दिवस जिवंत राहू शकतो. हे उत्तर बहुतेकांना ठाऊक असते.

कमी सांगितले जाणारे उत्तर वेगळे आहे. नेटची वेळ ठरलेली असते, त्यामुळे तिथे शांतता हीसुद्धा बातमी असते.

पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर कोसळला. १५१ जणांचा जीव गेला. गावातून कुणी फोन करू शकले नाही, कारण फोन करायला कुणी उरले नव्हते. ही घटना बाहेर कळली ती नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटी चालकाला तिथे गावच दिसले नाही म्हणून. ठरल्या वेळी येणाऱ्या कुणालातरी ‘जे असायला हवे ते नाही’ हे जाणवले आणि यंत्रणा हलली.

व्हॉट्सॲप समूहात दोनशे जण असतात. त्यातील एक जण दिवसभर काही बोलला नाही तर कुणाच्या लक्षात येत नाही. आपत्ती इशाऱ्याचे मोबाइल संदेशही वरून खाली, एकाच दिशेने जातात. खालून उत्तर आले का, हे त्या यंत्रणेला विचारता येत नाही. नेटच्या वहीत मात्र रोज सातला बोलणारे राजूरचे स्टेशन आज बोलले नाही, तर नियंत्रक दोनदा हाक मारतो. उत्तर आले नाही की शेजारच्या स्टेशनला चौकशी करायला सांगतो. बहुतेक वेळा कारण किरकोळ निघते : लग्नाला गेले, अँटेनाची तार तुटली. पण ज्या दिवशी कारण किरकोळ नसते, त्या दिवशी ही चौकशी काही तास वाचवते.

वेळ आणि फ्रिक्वेन्सी कशी ठरते?

हे आकाश ठरवते. जमिनीपासून शेकडो किलोमीटर वर सूर्यप्रकाशामुळे हवेचे विद्युतभारित थर तयार होतात. ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या, म्हणजे ‘एचएफ’ लहरी या थरांवरून परावर्तित होऊन जमिनीवर परततात. दिवसा खालचा एक थर कमी फ्रिक्वेन्सी शोषून घेतो, रात्री तो नाहीसा होतो. म्हणून ३.५ मेगाहर्ट्झचा ‘८० मीटर’ बँड रात्री आणि पहाटे चांगला चालतो, तर ७ ते ७.२ मेगाहर्ट्झचा ‘४० मीटर’ बँड दिवसा काहीशे किलोमीटरच्या संपर्काला सोयीचा ठरतो. १४ मेगाहर्ट्झचा ‘२० मीटर’ बँड परदेशाशी बोलायला उपयोगी. ४० मीटरवर भरणारी देशांतर्गत नेट सकाळी असतात ती यामुळेच.

याउलट १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा ‘२ मीटर’ बँड, म्हणजे ‘व्हीएचएफ’, जवळपास दृष्टीच्या सरळ रेषेत चालतो. हातात मावणारे वॉकी-टॉकीसारखे संच या बँडवर असतात. शहरात किंवा मोकळ्या पठारावर ते उत्तम, पण मध्ये डोंगर आला की संपले. उंच जागी ‘रिपीटर’ बसवला तर तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकून दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर तेच पुन्हा प्रसारित करतो आणि पल्ला वाढतो.

अहिल्यानगरचा भूगोल काय सांगतो?

अहिल्यानगर हा १७ हजार ४८ चौरस किलोमीटरचा, क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. तालुके १४. पश्चिमेला अकोल्यात सह्याद्रीची मुख्य रांग, कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड, मुसळधार पावसाचा मुलूख. मध्ये प्रवरा-मुळेचे सिंचित खोरे, उत्तरेला गोदावरीकाठचे कोपरगाव, पूर्वेला पाथर्डीचे डोंगर, दक्षिणेला सीनाकाठचे कर्जत-जामखेड. म्हणजे एकाच जिल्ह्यात दरडी, धरणांचा विसर्ग, नदीचा पूर आणि ढगफुटीसदृश पाऊस अशा चारही प्रकारच्या धोक्यांना जागा आहे.

कळसूबाई हे राज्यातील सर्वोच्च शिखर, उंची १,६४६ मीटर. समोरचे पठार सुमारे ६०० मीटर उंचीचे धरले, तर शिखर त्याच्या हजारभर मीटर वर येते. एवढ्या उंचीवरून रेडिओचे क्षितिज गणिताने साधारण १३० किलोमीटरवर पडते. कळसूबाईपासून अहिल्यानगर शहर सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर आहे, म्हणजे कागदावर जेमतेम टप्प्यात. जामखेड मात्र १९० किलोमीटरच्या पुढे. मधल्या डोंगररांगा धरल्या तर हिशेब आणखी बिघडतो. शिवाय कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसर हा अभयारण्याचा भाग आहे, तिथे वाटेल तिथे मनोरा उभारता येत नाही. थोडक्यात, एकाच उंच रिपीटरवर सगळा जिल्हा जोडणे अशक्य आहे.

इथे एचएफची एक युक्ती कामी येते. ४० मीटर बँडचा साधा अँटेना म्हणजे मधोमध तोडलेली सुमारे २० मीटर तार. ती उंच टांगण्याऐवजी पाच-सात मीटरवरच बांधली, तर लहरी जवळपास सरळ वर जातात आणि थरावर आपटून छत्रीसारख्या खाली पसरतात. तीन-चारशे किलोमीटरच्या परिघात, मधल्या डोंगराला न जुमानता. रतनवाडीच्या खोल दरीतून जामखेडला आवाज पोहोचवण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग. रात्री वरचा थर विरळ झाला की ७ मेगाहर्ट्झच्या लहरी आरपार निघून जाऊ शकतात. तेव्हा ३.५ मेगाहर्ट्झवर उतरायचे. कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी, कोणता बँड आपल्या दरीतून चालतो, हे पुस्तकात मिळत नाही. रोजच्या नेटच्या वहीतून दोन-तीन ऋतूंत ते उलगडते.

महाराष्ट्राशी हे नाते किती जुने?

भारतात हौशी रेडिओची सुरुवात १९२१ मध्ये कोलकात्यात झाली. दुसरे महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने हौशी परवाने थांबवले. ऑगस्ट १९४२ मध्ये पंडित नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद आदी नेत्यांना अटक करून नगरच्या भुईकोट किल्ल्यात ठेवले गेले आणि त्याच महिन्यात मुंबईत भूमिगत ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू झाला. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नोव्हेंबरमध्ये पकडला जाईपर्यंत जागा बदलत बदलत चालवला. तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्यांत नरीमन प्रिंटर यांच्यासारखा रेडिओतील हौशी जाणकार होता. या केंद्राची तरंगलांबी ४२.३४ मीटर होती. फ्रिक्वेन्सीत मांडले तर ते सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ येते, म्हणजे आजच्या ४० मीटर हॅम बँडच्या आतले. नेते नगरच्या किल्ल्यात बंद असताना ज्या लहरींवरून चळवळीच्या बातम्या फिरल्या, जवळपास त्याच लहरींवर आज भारतीय हॅमची नेट भरतात.

अलीकडचे उदाहरण पुण्याचे. तिथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या (सीओईपी) विद्यार्थ्यांनी बनवलेला, किलोभरापेक्षाही कमी वजनाचा ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ रोजी इस्रोने अवकाशात सोडला. हॅम बँडवरून संदेशांची देवाणघेवाण हाच त्याचा उद्देश होता. त्याआधी मे २००५ मध्ये इस्रोने खास हौशी रेडिओसाठी ‘हॅमसॅट’ सोडला होता. तो नऊ वर्षे चालला.

आपत्तीत खरोखर उपयोग झाला आहे का?

सर्वांत ठळक उदाहरण अंदमानचे. भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हॅमचे पथक डिसेंबर २००४ मध्ये पोर्ट ब्लेअरला गेले होते, ते हौस म्हणून. अंदमानातून हॅम रेडिओ चालवण्याची परवानगी बऱ्याच वर्षांनी मिळाली होती आणि जगभरचे हॅम त्यांच्याशी संपर्कासाठी रांगेत होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. बेटांचे दूरध्वनी कोलमडले. हौशी संपर्कासाठी मांडलेले तेच संच, त्याच चालकांनी, मदतकार्याच्या संदेशांसाठी वळवले. बेटांवरच्या नातेवाइकांची खुशाली मुख्य भूमीपर्यंत पोहोचवण्याचे कामही झाले. त्याआधी १९९९ चे ओडिशातील महाचक्रीवादळ आणि २००१ चा भूजचा भूकंप यांतही हॅम उपयोगी पडले होते.

या घटनेचा धडा उपकरणांपुरता नाही. अँटेना उभा होता, चालकांचा हात बसलेला होता आणि पलीकडे ऐकणारे लोक आधीपासून जमलेले होते. तिसरी गोष्ट नसती तर पहिल्या दोन निरुपयोगी ठरल्या असत्या. आपत्तीच्या दिवशी रिकाम्या बँडवर ‘कुणी आहे का’ असे ओरडणे आणि जिथे रोज तीस जण ऐकत बसतात तिथे जाऊन बोलणे, यात फार अंतर आहे.

गर्दीच्या व्यवस्थापनातही हे दिसते. पश्चिम बंगालमध्ये गंगासागर मेळ्यात हरवलेल्या यात्रेकरूंना घरच्यांपर्यंत पोहोचवण्याचे काम तिथले हॅम वर्षानुवर्षे करत आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थातील मुख्य स्नाने २०२७ मध्ये आहेत. तिथला भाविक शिर्डी आणि शनिशिंगणापूरला येणारच. लाखोंच्या गर्दीत टॉवर चालू असूनही फोन लागत नाहीत, हा अनुभव प्रत्येक मोठ्या यात्रेत येतो.

कायदा काय सांगतो?

भारतात हौशी रेडिओ १९७८ च्या नियमांनी बांधलेला आहे. १८८५ आणि १९३३ च्या जुन्या कायद्यांची जागा घेणारा दूरसंचार कायदा २०२३ मध्ये संमत झाला. हॅमने व्यावसायिक संदेश पाठवायचे नाहीत, सांकेतिक भाषेत बोलायचे नाही, संगीत किंवा भाषण प्रसारित करायचे नाही. सर्वांना समजणाऱ्या क्यू-संज्ञा मात्र चालतात. उदाहरणार्थ ‘क्यूटीएच’ म्हणजे ठिकाण, ‘क्यूआरएम’ म्हणजे दुसऱ्या स्टेशनचा व्यत्यय.

कळीचा मुद्दा तिसऱ्या व्यक्तीच्या संदेशाचा आहे. हॅमने स्वतःच्या वतीने बोलायचे, इतरांचे निरोप वाहायचे नाहीत, हा सर्वसाधारण नियम. नैसर्गिक आपत्तीत त्याला सवलत आहे, पण ती जिल्हाधिकाऱ्यांसारख्या अधिकृत सरकारी अधिकाऱ्यांनी दिलेल्या किंवा त्यांच्यासाठी असलेल्या संदेशांपुरती. याचा अर्थ, जिल्हा प्रशासनाशी आधीच नाते जोडलेले नसेल तर ऐन पुरात हॅमकडे संच आहे, आवाज पोहोचतो आहे, पण निरोप कुणाच्या नावे न्यायचा हा प्रश्न उरतो.

दुसरा मुद्दा विनापरवाना वॉकी-टॉकींचा. ऑनलाइन बाजारात असे संच सर्रास विकले जात होते. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा बजावल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस रेडिओ उपकरणांच्या विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वे आणली. ४४६ ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरील अत्यल्प शक्तीच्या संचांना परवान्यातून सूट आहे. बाकीच्यांना नाही. ट्रेकिंग समूह, यात्रेतील स्वयंसेवक, मंगल कार्यालये यांनी स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला संच हॅम बँडवर लावून बोलणे बेकायदा तर आहेच, शिवाय संकटाच्या वेळी चालू नेटच्या डोक्यावर बोलण्याचा धोकाही त्यात आहे.

परवाना कसा मिळतो?

वयाची १२ वर्षे पूर्ण झालेला भारतीय नागरिक परीक्षेला बसू शकतो. विषय दोन : रेडिओचे तंत्र आणि नियम. मर्यादित श्रेणीसाठी एवढेच पुरे. सर्वसाधारण श्रेणीसाठी मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स संकेत पाठवता आणि घेता आले पाहिजेत. अर्ज ‘सरल संचार’ पोर्टलवरून करता येतो. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर परवान्यासाठी सुरक्षा पडताळणी होते आणि अनेकदा खरा वेळ तिथे जातो. परवाना शुल्क २० वर्षांसाठी एक हजार, तर आजीवन परवान्यासाठी दोन हजार रुपये.

हातातला व्हीएचएफ संच काही हजारांत येतो. एचएफचा नवा विदेशी संच लाखाच्या घरात जातो. त्यावर भारतीय उत्तरही आहे. हैदराबादचे अशहर फरहान यांनी सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून घरी जोडता येईल असा ‘बिटएक्स’ संच आखला आणि तो जगभरच्या हॅमनी बनवला. परवान्याआधीची पहिली पायरी मात्र फुकट आहे : ऐकणे. इंटरनेटवर उघडपणे उपलब्ध असलेल्या रिसीव्हरवरून ४० मीटर बँडवर सकाळी कान लावला की नेटची शिस्त आठवडाभरात समजू लागते.

जिल्ह्याचे नेट उभे करायचे तर?

प्रत्येक गावात हॅम असण्याची गरज नाही. चौदा तालुक्यांत प्रत्येकी दोन-तीन नियमित स्टेशने आणि पश्चिम घाटात थोडी अधिक, एवढ्यावर सांगाडा उभा राहतो. संगमनेर, लोणी, कोपरगाव आणि अहिल्यानगर येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, राहुरीला कृषी विद्यापीठ आहे. क्लब स्टेशनसाठी छप्पर, वीज आणि दरवर्षी नवी मुले तिथे मिळतात. मुलांची बॅच बदलते हा दोष आहे. म्हणून शिक्षक, निवृत्त सैनिक, स्थानिक रेडिओ-टीव्ही दुरुस्ती करणारे कारागीर यांची कायमची फळी हवी. नगर हे लष्कराचे जुने ठाणे आहे. चिलखती दल आणि यांत्रिक पायदळाची केंद्रे इथे आहेत. वायरलेसवर आयुष्य काढलेले निवृत्त जवान या जिल्ह्यात नवलाईचे नाहीत.

रचना दोन मजली असावी लागेल. तालुक्यात व्हीएचएफ, तालुक्यांना जोडायला एचएफ. रोज पंधरा मिनिटांची हजेरी आणि पाऊस व नदीच्या पातळीची एका ओळीची नोंद. महिन्यातून एकदा सराव : मुख्य वीज बंद करून, फक्त बॅटरीवर, भंडारदरा परिसरातून जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत वीस शब्दांचा संदेश एकही शब्द न बदलता पोहोचतो का? आणि हे सगळे जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात लेखी, म्हणजे अधिकारी बदलला तरी व्यवस्था बदलणार नाही.

मर्यादा कोणत्या?

हॅम रेडिओ हा मोबाइलला पर्याय नाही. तो फोटो झटपट पाठवू शकत नाही आणि एका फ्रिक्वेन्सीवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. पोलिसांची बिनतारी यंत्रणा, उपग्रह फोन यांचे काम त्यांनीच करायचे आहे. सूर्यावरील हालचालींनी एचएफ तासन्‌तास बंद पडू शकतो. स्वस्त एलईडी दिवे आणि इन्व्हर्टर यांच्या गोंगाटात दुबळे सिग्नल बुडतात. सोसायट्यांमध्ये अँटेनाची तार बांधू दिली जात नाही. अमेरिकेत सात लाखांहून अधिक परवानाधारक आहेत. भारतात, चौपटीहून अधिक लोकसंख्या असूनही, ही संख्या हजारांतच आहे.

सर्वांत मोठी मर्यादा माणसाची आहे. काहीही घडत नसलेल्या तीनशे चौसष्ट दिवशी सकाळी सातला संचासमोर बसून ‘सर्व ठीक’ म्हणणे कंटाळवाणे असते. त्याला बक्षीस नाही, बातमी नाही, निधीही नाही. पण त्या तीनशे चौसष्ट नोंदींमुळेच तीनशे पासष्टाव्या दिवशी एखाद्या वाडीपुढची जागा कोरी का राहिली, हा प्रश्न विचारणारे कुणीतरी असते. जिल्ह्याने संच विकत घेणे सोपे आहे. ती कोरी जागा ओळखणारी वही कोण सांभाळणार, हे ठरवणे अवघड आहे आणि ते पुढच्या पावसाळ्याआधी ठरवावे लागेल.